फोटोत गाडी दुसरीच, ई-चलान मात्र माझ्या नंबरवर. भरून टाकू का?

प्रश्न
ठाण्यातलं विनाहेल्मेटचं ई-चलान आलंय. फोटोत मोटरसायकल आहे, माझी तर स्कूटर, आणि ती नाशिकबाहेर गेलेलीच नाही. हेलपाटे नकोत म्हणून दंड भरून टाकावा का? लायसनला काही धोका?

उत्तर १
भरू नका. दंड भरणं म्हणजे तडजोड. नंतर ‘ती गाडी माझी नव्हती’ म्हणायला जागा उरत नाही.

एसएमएसमधल्या लिंकला हात न लावता थेट महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं महाट्रॅफिक ॲप उघडा. खोट्या चलानाच्या नावाने एपीके फाइली, म्हणजे फोनमध्ये घातक ॲप बसवणाऱ्या फाइली, फिरतात. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान फोटोसकट दिसतं. फोटो मोठा करून नंबरप्लेट नीट वाचा. ८ चा ३ वाचला गेला असेल, तर ॲपवरच तक्रार करा. प्लेटवर हुबेहूब तुमचाच नंबर असेल, तर कुणीतरी तो वापरतंय. मग पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्याच. उद्या त्या मोटरसायकलने कुणाला उडवलं तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील.

तक्रारीत ‘माझी गाडी नाही’ एवढंच लिहून भागत नाही. आरसीवर वाहनाचा प्रकार, कंपनी, रंग असतो. तो चलानातल्या फोटोशी ताडून फरक नेमका लिहा. सोबत आरसी आणि स्कूटरचे पुढून, मागून, बाजूने काढलेले फोटो जोडा.

उत्तर २
लायसनचं सांगतो. कॅमेऱ्याचं चलान गाडीच्या मालकावर निघतं, पण मोटार वाहन कायद्यातल्या हेल्मेटच्या कलम १९४-ड मध्ये दंडासोबत तीन महिने लायसन अपात्र करण्याची तरतूद आहे. म्हणून हे किरकोळ समजू नका. आरटीओची नोटीस आली तर कलम १९ खाली तुमचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. तारखेला तक्रारीची पोच घेऊन हजर राहा. आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील करता येतं. तोवर निलंबित लायसनवर गाडी मात्र चालवू नका. कलम १८२ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

प्रश्नकर्ता
आणि लोकअदालतीची नोटीस आली तर?

उत्तर १
तिथे समेट होतो, दोष कुणाचा हे ठरत नाही. तुमच्या संमतीशिवाय निवाडा होत नाही. चलान अमान्य असल्याचं तिथे स्पष्ट सांगा आणि रक्कम कमी करून देतो म्हटलं तरी सही करू नका.