रोममधली तिघांची ‘गुपचूप’ युती नक्की किती गुपचूप होती?

पानगळ:
सध्या रोमन रिपब्लिकचा शेवटचा काळ वाचतोय आणि एका ठिकाणी गाडी अडलीये. सगळीकडे लिहिलेलं असतं की इ.स.पू. ६० मध्ये सीझर, पॉम्पी आणि क्रासस यांनी गुप्त करार केला. आता पॉम्पी आणि क्राससचं तर आपसात अजिबात पटायचं नाही. स्पार्टाकसचं बंड मोडलं क्राससने, आणि पळून चाललेले उरलेसुरले गुलाम कापून काढून पॉम्पीने सिनेटला कळवलं की युद्ध मुळासकट मीच उपटलं, एवढं झाल्यावर हे दोघं एका पंगतीला बसलेच कसे? सीझरचा फायदा कळतो, बाकीच्या दोघांना काय गरज होती? आणि गुप्त होतं तर बाहेर कळलं कसं? जाणकारांनी प्लीज सांगा.

भुईकोट:
गरज तिघांनाही होती, कारण तिघांचीही कामं सिनेटमधल्या एकाच गटाने अडवून धरली होती.

पॉम्पी ६२ मध्ये पूर्वेकडून परतला, सगळ्यांना धाकधूक की हा आता सैन्य घेऊन रोमवर येतो की काय, पण त्याने इटलीत उतरल्या उतरल्या सैन्य घरी पाठवलं. त्या सैनिकांना जमिनी द्यायच्या होत्या आणि पूर्वेकडे त्याने ज्या राजांशी, शहरांशी जे ठरवून टाकलं होतं त्याला सिनेटची एकगठ्ठा मंजुरी हवी होती. पूर्वेकडचाच आधीचा सेनापती ल्युकलस म्हणाला एकगठ्ठा नाही, एकेक कलम वाचू. ल्युकलसचं जुनं दुखणं होतं, तिकडच्या मिथ्रिडेटीस राजाविरुद्धची मोहीम त्याच्या हातातून काढून पॉम्पीलाच दिली होती ना! झालं, वर्ष दीड वर्ष नुसतं घोळत ठेवलं.

क्राससचं प्रकरण पैशाचं. आशिया प्रांताची करवसुली ज्या कंपन्यांनी लिलावात घेतली त्यांनी बोली भलतीच चढी लावली आणि मग परवडेना म्हणून सूट द्या असा हट्ट धरला. पाठीशी क्रासस. आडवा आला केटो, सिनेटमधल्या त्या अडवणाऱ्या गटाचा म्होरक्या.

आणि सीझर ६० मध्ये स्पेनहून आला तेव्हा त्याला विजययात्राही हवी होती आणि कॉन्सलची (दरवर्षी निवडून येणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एकाची) उमेदवारीही. विजययात्रेसाठी थांबलेल्या सेनापतीने शहराच्या हद्दीबाहेर राहायचं, आणि उमेदवारी भरायला मात्र स्वतः आत यायचं, असा पेच. त्याने सवलत मागितली तर केटो बोलायला उभा राहिला आणि सूर्य मावळेपर्यंत बोलतच राहिला, कारण अंधार पडला की बैठक संपते. सीझरने विजययात्रेवर पाणी सोडलं आणि सरळ आत येऊन नाव दिलं. माझं स्पष्ट मत, ही युती जमवली सीझरने पण जमवायला भाग पाडलं केटोने. एकाचं जरी काम वेळेवर करून दिलं असतं तरी तिघं एकत्र आले नसते.

तळघर:
गुप्ततेबद्दल. ६० च्या डिसेंबरात सीझरचा माणूस बाल्बस हा नामांकित वक्ता आणि माजी कॉन्सल सिसेरोच्या घरी गेला होता, सांगायला की सीझर सगळ्या बाबतीत तुमचा आणि पॉम्पीचा सल्ला घेणार आहे आणि क्रासस-पॉम्पीचं जुळवून द्यायचाही प्रयत्न करणार आहे. म्हणजे बघा, सीझर निवडून आलेला आहे आणि तरी तिसरा गडी अजून पक्का व्हायचाय. त्यामुळे एका रात्री दार लावून तिघांनी हात मिळवले असं चित्र मला काही पटत नाही, दोन-दोघांचे सौदे होते, ते हळूहळू एकात एक गुंतत गेले. सिसेरोलाही आत घ्यायचं होतं, तोच नाही म्हणाला. आणि क्रासस आधी सीझरचा जामीनदार होता हे विसरू नका, ६१ मध्ये सावकार स्पेनला जाऊच देईनात तेव्हा ८३० टॅलेंटची (तेव्हाचं पैशाचं मोठं माप) हमी त्यानेच घेतलेली.

झाकली मूठ उघडली ५९ मध्ये, जमीनवाटपाच्या कायद्यावर. सीझरने भर सभेत दोघांना पुढे बोलावलं आणि पॉम्पी म्हणाला की कोणी तलवार उचलली तर मी ढालसुद्धा घेऊन येईन. दुसरा कॉन्सल बिब्युलस विरोध करायला गेला तर त्याच्या डोक्यावर शेणाची पाटी ओतली, त्याच्या शिपायांच्या हातातल्या अधिकारचिन्हाच्या काठ्यांच्या मोळ्या मोडल्या. मग तो कामकाज अडावं म्हणून घरी बसून अपशकुन जाहीर करत राहिला आणि लोक गमतीत म्हणायला लागले की यंदाचे कॉन्सल दोन, एक ज्युलियस आणि दुसरा सीझर. पॉम्पीला मंजुरी मिळाली, करवाल्यांना एक तृतीयांश सूट मिळाली.

चिमणराव_नव्हे:
केटोला फार साधू करू नका. बिब्युलसला निवडून आणायला त्यांच्या गटाने वर्गणी काढून मतदारांना पैसे वाटले आणि केटोने त्याला मान डोलावली. उत्तर इटलीतल्या ल्यूका गावी ५६ मध्ये झालेल्या या युतीच्या बैठकीला तर कोण गुप्त म्हणेल, चरित्रकार प्लुटार्क सांगतो दोनशेवर सिनेटर तिथे सीझरच्या दारात हजर होते! पॉम्पी-क्राससने ५५ ची कॉन्सलपदं घ्यायची आणि सीझरची गॉलमधली (आजच्या फ्रान्सकडची) सुभेदारीची मुदत पाच वर्षांनी वाढवायची, हे तिथे ठरलं.

पानगळ:
मस्त माहिती. पण मग कागदावर काही होतं का? की सगळं शब्दावर आणि सीझरने पॉम्पीला मुलगी दिली त्या सोयरिकीवर?

तळघर:
या तिघांचं सगळं तोंडी. रोमन चरित्रकार सुएटोनियस एवढंच सांगतो की तिघांपैकी एकालाही जे आवडणार नाही ते राज्यात होऊ द्यायचं नाही असं ठरलं. ५४ मध्ये ज्युलिया बाळंतपणात गेली, ५३ मध्ये क्रासस कारेच्या लढाईत मारला गेला, पुढे सीझर आणि पॉम्पीच एकमेकांशी लढले. नंतरचं ऑक्टेव्हियन-अँटनी-लेपिडसचं त्रिकूट मात्र ४३ मध्ये रीतसर कायदा करून आलं, त्यात लपवायचं काही नव्हतंच.

कागदावरचा सौदा बघायचाय तर ५४ ची निवडणूक बघा, माझं सगळ्यात आवडतं लफडं. मेमियस आणि कॅल्विनस हे दोन उमेदवार आणि त्या वर्षीचे दोन्ही कॉन्सल, चौघांनी लेखी केलं. कॉन्सलांनी यांना निवडून आणायचं, आणि बदल्यात यांनी तीन ऑगर (शकुन पाहणारे सरकारी पुरोहित) उभे करायचे जे सांगतील की कॉन्सलांच्या अधिकाराचा कायदा आमच्यासमोर पास झाला, जो झालाच नव्हता. शिवाय दोन माजी कॉन्सल, जे म्हणतील की या कॉन्सलांना पुढे मिळायच्या प्रांतांचा ठराव लिहिताना आम्ही हजर होतो, जेव्हा त्या दिवशी सिनेट भरलीच नव्हती. साक्षीदार नाही आणले तर जबर दंड. मतांच्या खरेदीसाठी त्या साली एवढं कर्ज उचललं गेलं की जुलैमध्ये रोममधला व्याजदर चार टक्क्यांवरून आठवर गेला.

मग पॉम्पीच्या सांगण्यावरून मेमियसने तो करार सिनेटमध्ये उभं राहून वाचून दाखवला. निवडणूक लांबत लांबत पार ५३ च्या जुलैवर गेली. वाचून दाखवणाऱ्या मेमियसवर लाचखोरीचा खटला होऊन तो हद्दपार झाला, आणि ज्याचं नाव त्याच कागदावर होतं तो कॅल्विनस कॉन्सल झाला.