पुलावर राहणारे ते दोघं: प्रेम म्हणायचं की काय म्हणायचं?

इंदुरी_पोहे
काल रात्री मुलाच्या लॅपटॉपवर लेओ काराक्सचा १९९१चा 'पाँ-नफचे प्रेमी' पाहिला, ज्युलिएट बिनोश आणि डेनी लाव्हाँ. पॅरिसचा एक पूल दुरुस्तीसाठी बंद, त्यावर झोपणारा अ‍ॅलेक्स, तोंडातून जाळ काढून चार पैसे मिळवतो, आणि डोळे जात चाललेत म्हणून घरदार सोडून आलेली चित्रकार मिशेल. फ्रेंच क्रांतीच्या २०० वर्षांची आतषबाजी चालू असताना दोघं पुलावर जे बेभान नाचतात ना, अंगावर काटा आला. पण पुढे तिच्या घरचे मेट्रोत पोस्टर लावतात की डोळ्यांवर इलाज निघालाय, परत ये, आणि हा बाबा ती पोस्टरं जाळत सुटतो!! बायको म्हणाली, स्वतःसाठी हिला आंधळी ठेवतोय, कसलं डोंबलाचं प्रेम. मला काही बोलता येईना. तुम्हाला काय वाटतं? आणि तो पूल खरा आहे ना?

सराफा_रात्री_१२
पूल खरा आहे भिया, पण सिनेमात बराचसा नकली. पाँ-नफ म्हणजे 'नवा पूल', आणि पॅरिसमधे उभ्या असलेल्या पुलांत सगळ्यात जुना, १६०७चा. शूटिंगची परवानगी थोडेच दिवस होती, तेवढ्यात हिरोच्या हाताला लागलं, मुदत गेली, मग दक्षिणेत मोंपेलिएजवळ अख्खा पूल आणि काठच्या इमारतींचे दर्शनी भाग उभे केले. मधे पैसे संपून काम बंदही पडलं. बेघर लोकांच्या गोष्टीसाठी एवढं बांधकाम, हसावं की रडावं.

खडूस_मावशी
वहिनी बरोबर आहेत. तो डबा आठवा ना, कॅफेतल्या लोकांना गुंगीचं औषध देऊन जमवलेले पैसे, तो डबा हाच नदीत पाडतो, पैसा आला की ती जाणार म्हणून. पोस्टर लावणारा माणूससुद्धा त्या आगीत जातो. नंतर जेल होते ती काय उगाच.

कान्ह_काठची
मला सरळ हो-नाही सांगता येत नाही. काही वर्षं माझी सकाळची बस सरवटे स्टँडवरून असायची, तिथे एक जोडपं झोपायचं, वय काय चाळीसच्या आसपास, दोघांत एकच कांबळं आणि तिच्या ओढणीचं टोक त्याच्या मनगटाला बांधलेलं, रोज. मला आधी फार रोमँटिक वाटायचं (सिनेमे बघून डोकं फिरलेलं आपलं). चहावाला म्हणाला, कसलं काय ताई, रात्री कोणी हिला ओढलं तर याला जाग यावी म्हणून आहे ते. एकदा तिला झोपायच्या तयारीत बघितलं, दातात टोक धरून घट्ट आवळत होती, तो नुसता हात पुढे करून बसलेला. म्हणजे गाठ ती मारायची. अ‍ॅलेक्सचं तसं नाही, तो तिला न विचारताच बांधतो. पण रस्त्यावर माणूस गेलं की परत सापडत नाही ही भीती त्याचीही खरी आहे, एवढं मी त्याला देते. पोस्टरं जाळायला मात्र माफी नाही.

इंदुरी_पोहे
बायकोला वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणे शेवटचा भाग परत लाव, पाण्यात कोण कोणाला ओढतं ते मला नीट बघायचंय. लावतोय.