भूजलाचा खेळ शाळेत हवा की नको?

शिक्षिका, वरुड तालुका
शाश्वत विकासाची व्याख्या मुलं घोकतात, लिहितात, विसरतात. म्हणून सहावीला खेळ दिला. मधे परातीत चिंचोके, तेच गावचं भूजल. भोवती पाच शेतकरी. संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरचा फुलोरा, धरला तर तीन चिंचोके उचलायचे, कारण त्याला अख्खा उन्हाळा ओलीत लागतं. पावसाळ्याच्या तोंडी फुटणाऱ्या मृग बहाराला दोन, तो उन्हाळ्यात ताणावर असतो, म्हणजे झाडाचं पाणी तोडलेलं असतं. कोरडवाहू तुरीला काहीच नाही, पण पैसेही कमी. पावसाळ्यात फाशावर पडतील तेवढेच चिंचोके परत. पावसानं दगा दिला तर मृग फुटत नाही, म्हणून सगळ्यांनी आंबियाच धरला आणि परात खडखडीत झाली. मग मुलांनीच ठरवलं, आंबिया पाळीपाळीनं धरायचा. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल बोअरवर बंधन का आहे, हे सांगायला मला वेगळा तास लागला नाही. असे खेळ वेळापत्रकातच हवेत.

संत्रा बागायतदार
म्याडम, राग नका मानू. पोरगं घरी येऊन म्हणते, "बाबा, तुमी गावाचं पानी संपवता." बाग लावली का पाच-सहा वर्स हाती काई येत नाई. झाडं वाळली तं कर्ज कोन फेडन? तुमच्या खेळात बहार एका डावात बदलते, आमच्या वावरात नाई बदलत. झाडावरचा कोळशी रोग, व्यापाऱ्यानं पाडलेला भाव, ब्यांकेचा हप्ता, हे त्या परातीत कुठी हाये? पोरायच्या डोक्शात बापच चोर ठरते, हे मले पटत नाई.

निवृत्त केंद्रप्रमुख
बागायतदारांशी सहमत. दोन शिक्षकी शाळेत चार-पाच वर्ग सांभाळून वर शिष्यवृत्तीची तयारी, खेळाला वेळ कुठून आणायचा? संयुक्त राष्ट्रांच्या १७ उद्दिष्टांवरचे फासा-कार्डांचे खेळही पाहिले आहेत. ती शेवटी प्रश्नमंजूषाच. त्यापेक्षा दोरी घेऊन मुलांना विहिरीवर न्या, दर महिन्याला पातळी मोजून फळ्यावर लिहा. गडचिरोलीच्या लेखा-मेंढा गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा हक्क, मिळवला, तो वर्षानुवर्षं अभ्यासगटात बसून, ग्रामसभेत बोलून. फासे टाकून नव्हे.

शिक्षिका, वरुड तालुका
सर, विहीर मोजून पाणी किती खाली गेलं ते कळतं. शेजारी थांबत नाही म्हणून मीही थांबत नाही, हे मोजून कळत नाही, ते डावातच दिसतं. आणि लेखा-मेंढ्यात लोक समोरासमोर बसून बोलले म्हणूनच जमलं ना? माझी मुलं तेच बोलणं शिकतात.
भाऊ, तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. बाप चोर ठरत असेल तर खेळ अपुरा आहे. हप्त्याचं आणि भावाचं कार्ड घालते, आणि एकदा लावलेली बाग पाच डाव मोडता येणार नाही. पण खेळ बंद करणार नाही.

संत्रा बागायतदार
घाला. अन् पोरायच्या आंधी आमाले बसवा त्या परातीभोवती. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत. बोअरचा विषय तिथं कोनी काढत नाई, सारे एकमेकाच्या तोंडाकडं पायतात.