पाइपलाइनचा एफ (घर्षण गुणांक) काढायला कुठलं समीकरण घेऊ?

मोहोळ_डाळिंब: विहिरीपासून बागेपर्यंत १२०० मीटर पीव्हीसी टाकतोय. आतला व्यास १०० मिमी धरलाय, सेकंदाला ८ लिटर पाणी. घर्षणात किती हेड (मीटरमध्ये मोजलेला पाण्याचा दाब) जाईल ते एक्सेलमध्ये काढायचंय. एकाच सेलमध्ये बसेल असंच समीकरण सांगा, फेऱ्या मारायला नकोत.

निवृत्त_पाणीपुरवठा: कोलब्रूकच घ्या. १९३९ चं आहे, बाकीची त्याच्याशीच ताडून बघतात. एफ दोन्ही बाजूंना येतो खरा, पण तीन-चार फेऱ्यांत बसतो. आम्ही मूडीच्या तक्त्यावर पट्टी ठेवून काढायचो.

होटगीरोड: सर, त्यांना फेऱ्या नकोत की ओ. स्वामी-जैन घ्या, १९७६ चं, रुरकीचं.
एफ = ०.२५ ÷ [लॉग१०(खडबडीतपणा ÷ (३.७ × व्यास) + ५.७४ ÷ रेनॉल्ड्स^०.९)]²
खडबडीतपणा पाइपच्या आतल्या भिंतीचा. रेनॉल्ड्स म्हणजे वेग × व्यास ÷ पाण्याची श्यानता (चिकटपणा), ती तापमानावर ठरते.

केमिकलवाली: हालांडचं १९८३ चं पण एका सेलात बसतं. मात्र एफ कुणाचा ते आधी बघा! फॅनिंगचा एफ डार्सीच्या एफच्या चौथाई असतो. पहिल्या नोकरीत मी फॅनिंगचा एफ डार्सीच्या तोट्याच्या सूत्रात घातला. तोटा चौथाईच निघाला, पंप लहान पडला, टाकीत करंगळीएवढी धार. लॅमिनार (संथ, थराथरांच्या) प्रवाहाला एफ = ६४ ÷ रेनॉल्ड्स दिलं असेल तर डार्सी, १६ असेल तर फॅनिंग.

सांगोला_ठिबक: पाइपवर ११० छापलंय म्हणून आम्ही हिशोबात ११० च घातले. ते बाहेरून असतं! शेवटच्या ओळीतल्या झाडांना थेंब पोचेना. आतून मोजा दादा.

निवृत्त_पाणीपुरवठा: मोजा, पण कोलब्रूकच.

होटगीरोड: तुमचे आकडे घातले. पाणी ३० अंश, खडबडीतपणा ०.००१५ मिमी. कोलब्रूक ०.०१७२, स्वामी-जैन ०.०१७१, हालांड ०.०१७०. तिन्हींत तोटा १०.८ ते १०.९ मीटर. व्यास ११० घातला की ६.९! सांगोलाभाऊंचं खरंय, भांडण समीकरणाचं नाहीच.

मोहोळ_डाळिंब: सगळ्यांचे आभार. मी हेझन-विल्यम्स घेतोय, त्यात एफ लागतच नाही. सी (पाइपच्या गुळगुळीतपणाचा आकडा) १४०. १०० मिमीला १३.२ मीटर आला.

निवृत्त_पाणीपुरवठा: त्यात पाण्याचं तापमान येतच नाही हो! पीव्हीसीला लोक १५० धरतात.

मोहोळ_डाळिंब: माहीत आहे, काका. १४० मुद्दाम धरलाय, बेंड आणि व्हॉल्व्ह त्यात निघतील. विहिरीची खोली आणि चढ वेगळा धरलाय. आज दुकानातून पाइपचा तुकडा आणून आतून मोजला, १०३ भरला. आता ११.४ येतंय.