'आयर्नमास्टर'ला मराठीत काय म्हणायचं?

पानगळ
वेल्समधल्या मर्थर टिडविल या गावाच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत करते आहे. तिथल्या डोंगरात लोहखनिज, दगडी कोळसा, चुनखडक आणि वाहतं पाणी सगळं जवळजवळ होतं, म्हणून पंचवीस वर्षांत चार मोठे कारखाने उभे राहिले : डाउलाइस (1759), प्लिमथ (1763), कवार्थ्वा (1765) आणि पेनिडॅरेन (1784). त्यांच्याशी गेस्ट, हिल, क्रॉशे, हॉम्फ्रे ही घराणी जोडलेली. मूळ लेखात या मंडळींना सरसकट 'आयर्नमास्टर' म्हटलंय. मी 'लोहउद्योजक' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'लोहसम्राट' केलं. मला दोन्ही पटत नाहीत. 'उद्योजक' म्हटलं की बँकेचं कर्ज काढून एमआयडीसीत शेड टाकणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. आणि साखरसम्राट, शिक्षणसम्राट झाल्यापासून 'सम्राट' नुसता टोमणा उरलाय. जमिनीचा पट्टा, खाण, भट्टी, कामगारांच्या चाळी, वर गावची सत्ता, एवढं सगळं ज्यात मावेल असा शब्द सुचवा.

शब्दसाधक
लोहाधिपती. सरळ आहे, संस्कृत आहे, कुणालाही कळेल. 'महापौर' आणि 'दिनांक' सावरकरांनी दिले तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. आज तेच शब्द आपण बिनबोभाट वापरतो.

ऐरण
रुळले ते रोज लागणारे शब्द होते म्हणून. 'लोहाधिपती' पौराणिक नाटकातल्या राक्षसाला शोभेल. साधं 'भट्टीमालक' का नको? गिरणीमालक चालतो ना आपल्याला?

पानगळ
'भट्टीमालक'ने आधी विटा आठवतात, मग हातभट्टी.

डिचोलीकर
आमच्या गोव्याच्या मराठीत एक शब्द तयार पडलाय : मेस्त्री. पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आलेला, म्हणजे इंग्रजी 'मास्टर'चा सख्खा चुलतभाऊ. 'लोहमेस्त्री' म्हणा.

ऐरण
अहो, मेस्त्री स्वतःच्या हाताने काम करतो! क्रॉशेने कधी सांडशी धरली होती का?

डिचोलीकर
तिसऱ्या पिढीचं बोलताय तुम्ही. पहिला जॉन गेस्ट श्रॉपशरमधल्या ब्रोझलीहून आलेला जाणता माणूस. 1767 मध्ये तो डाउलाइसला लागला तो व्यवस्थापक म्हणून, मालक म्हणून नव्हे. त्याचा नातू जोसाया जॉन 1832 मध्ये मर्थरचा पहिला खासदार झाला, 1838 मध्ये बॅरोनेट हा किताब मिळवून बसला. पणतू तर लॉर्ड विम्बोर्न. आजोबा मेस्त्री, नातू मालक, पणतू सरदार. तिघांना एकच मराठी शब्द कसा पुरेल? इंग्रजीत पुरतो, कारण 'मास्टर'मध्ये कसबी आणि धनी दोन्ही बसतात. आपल्याकडे त्या दोन माणसांच्या जाती वेगळ्या होत्या, म्हणून शब्दही वेगळे पडले.

पानगळ
हे महत्त्वाचं आहे, याचा विचार करते. जोसाया जॉनची पत्नी लेडी शार्लट हीसुद्धा लेखात आहे. वेल्श शिकून तिने मध्ययुगीन कथा इंग्रजीत आणल्या, आणि 1852 मध्ये नवरा गेल्यावर डाउलाइसचा कारभार हाती घेतला. तिला 'मालकीण' म्हटलं तर मालकाची बायको की स्वतः मालक?

शब्दसाधक
लोहाधिपतीचं स्त्रीलिंग बिनतक्रार होतं. लोहस्वामिनीही चालेल.

चांदागडी
शब्द नाही याचं कारण इतिहासात आहे. जमशेटजी टाटांनी 1882 मध्ये फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल वाचला. लोहारा गावचं खनिज उत्तम निघालं, पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा ठरला नाही. टाटांचा लोखंडाचा कारखाना आमच्याकडे झाला असता तर हा शब्द कामगारांनीच शंभर वर्षांपूर्वी पाडला असता, इथे कुणाला विचारावं लागलं नसतं. आता चंद्रपुरात नुसतं 'खाण' म्हटलं की कोळसा. लोखंडाची असेल तर तसं सांगावं लागतं.

डिचोलीकर
आणि आमच्याकडे नेमकं उलटं. खाण म्हणजे लोखंडाचीच.

पानगळ
बरं झालं हा विषय निघाला. मर्थरमध्ये 'माइनर' म्हणजे फक्त लोहखनिज काढणारा. कोळसा काढणारा तो 'कोलियर'. मी दोघांनाही 'खाणकामगार' लिहिलं होतं. पण 1831 मध्ये विल्यम क्रॉशेने मजुरी कापली ती या 'माइनर' लोकांची. शिवाय 84 पडलरना, म्हणजे वितळलेलं बीड (ठिसूळ ओतीव लोखंड) भट्टीत सळीने ढवळून त्याचं घडीव लोखंड करणाऱ्या कसबी माणसांना, कामावरून काढलं. त्यात कर्जवसुलीच्या कोर्टाचा जाच. जूनमध्ये गाव उठलं, कॅसल इन या खानावळीसमोर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, निदान सोळा माणसं मेली. या उठावापायी रिचर्ड लुइस ऊर्फ डिक पेंडेरिन याला 13 ऑगस्ट 1831 रोजी कार्डिफमध्ये फाशी दिलं. कोणाची मजुरी कापली हे मराठीत धूसर राहून चालणार नाही.

सह्यकडा
माफ करा, उशिरा आलो. सगळे 'लोह', 'लोह' करताय आणि आपल्या स्वतःच्या शब्दाचं नावही कुणी काढलं नाही. *धावड.* महाबळेश्वर आणि कोकणच्या डोंगरात जांभ्यातलं लोखंड गाळणारा समाज. मोल्सवर्थच्या कोशात आहेत. टर्नरने आपल्या व्युत्पत्तिकोशात हा शब्द संस्कृत 'धातु'खाली घेतलाय : धातु, त्यावरून धाऊ किंवा धाव म्हणजे एक मऊ तांबडा दगड, त्यावरून धावड, आणि 'धावडी' म्हणजे लोखंडाचं. खनिजाला एक शब्द, गाळणाऱ्याला एक, विशेषणही हजर. 'माइनर'साठी आणखी काय हवं?

ऐरण
बैलगाडीच्या चाकाला चढवतात ती लोखंडी धावसुद्धा यातलीच!

शब्दसाधक
ती 'धावणे'वरून. चाक धावतं म्हणून धाव.

ऐरण
आमच्या घरी धाव चढवायचं काम होतं. पट्टी लालभडक तापवून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी मारायचं. ते करणाऱ्या माणसाला चाकाच्या धावण्याशी कर्तव्य नसतं, लोखंडाशी असतं. मला 'धातु'च पटतो.

चांदागडी
मग साताऱ्याजवळचं धावडशी? ब्रह्मेंद्रस्वामींचं. तेही धावडांवरून?

सह्यकडा
मला तसंच वाटतं.

शब्दसाधक
धावडा नावाचं झाड आहे की हो. ज्याचा डिंक लाडवांत घालतात ते. गावांची नावं झाडांवरून पडतात : वडगाव, पिंपळगाव, आंबेगाव. उगाच प्रत्येक ठिकाणी लोखंड कशाला शोधायचं?

सह्यकडा
कारण धावडांचा इतिहास पुसला गेलाय. कोळशासाठी जंगल तोडतात म्हणून इंग्रजी अमलात त्यांच्या भट्ट्या बंद झाल्या. लोहार बलुतेदार म्हणून पुस्तकांत राहिला. त्याला लोखंड पुरवणारा गेला. त्याचा शब्द तरी वापरा. 'लोहाधिपती' घडवायला वेळ आहे आणि कोशातला शब्द उचलायला लाज वाटते, हे मला पटत नाही.

शब्दसाधक
लाजेचा प्रश्न नाही. धावड ही जात आहे. वेल्शमनला मराठी जातीचं नाव देणार का? उद्या खलाश्याला सरसकट 'कोळी' म्हणाल.

पानगळ
'धाऊ' मात्र खनिजासाठी घेऊन पाहते. 'धाऊ खणणारे' वाचताना अडत नाही. मालकांचा प्रश्न तसाच आहे. आणखी एक : कारखान्यांनी टाकलेल्या भट्टीतल्या मळीचे जे डोंगर मर्थरभोवती झाले त्यांना तिथे 'टिप' म्हणतात. 'ढीग' अगदीच लहान वाटतो.

डिचोलीकर
डंप. गोव्यात शेंबडं पोरही डंप म्हणतं. 2012 ला खाणी थांबल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 पट्टे रद्द केले, पण डंप तिथेच आहेत. पावसात लाल माती शेतात उतरते तेव्हा त्याला कुणी 'अवशिष्ट संचय' म्हणत नाही.

सह्यकडा
डंप खाणीतल्या टाकाऊ मातीचा. भट्टीतून निघतं ते कीट. लोखंडाचं कीट. जुनं झालं की त्याचाच मंडूर, वैद्य मंडूरभस्म करतात तो.

ऐरण
लोखंडा*चा* कीट. पुल्लिंगी. माझे आजोबा लोहारकाम करायचे, आमच्याकडे कायम 'कीट पडला' असंच म्हणत.

सह्यकडा
देशावर म्हणत असतील. आमच्याकडे नपुंसकलिंगीच, 'कीट निघालं'.

चांदागडी
वऱ्हाडात मीही 'कीट पडला' ऐकलंय. पण ते तेलाच्या डब्याच्या तळाशी बसतं त्याला. तो शब्द हाच का?