मुक्कामाची तारीख एक दिवस मागे सरकते: तात्पुरती दुरुस्ती करावी की पुनर्रचना?

प्रश्न (रत्नागिरी)

मालवण-तारकर्ली परिसरातील घरगुती निवासांसाठी आम्ही आरक्षणाचे संकेतस्थळ तयार करत आहोत. पाहुण्याने १ मे निवडला, तर घरमालकाला ३० एप्रिल दिसतो. निवडलेल्या वर्ष, महिना आणि दिवसावरून आम्ही जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतली ‘डेट’ बनवतो, ‘टूआयएसओस्ट्रिंग’ने तिचा मजकूर करतो आणि त्यातली पहिली दहा अक्षरे डेटाबेसमध्ये ठेवतो. सर्व्हरवर सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होतात; चूक फक्त ग्राहकांच्या फोनवर होते. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की साडेपाच तास मिळवून मोकळे व्हावे. दुसऱ्याच्या मते चालू स्प्रिंट (कामाचा ठरलेला छोटा टप्पा) थांबवून तारखांचा सगळा भाग नव्याने लिहायला हवा. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (चिपळूण)

‘डेट’मध्ये तारीख नसतेच, १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ; भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे) मध्यरात्रीपासून मोजलेले मिलिसेकंद तेवढे असतात. वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे दिले की ती स्थानिक मध्यरात्र धरते, आणि भारतातल्या १ मेच्या मध्यरात्री यूटीसीनुसार ३० एप्रिलचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. ‘टूआयएसओस्ट्रिंग’ नेहमी यूटीसीच लिहिते, म्हणून दिवस मागे जातो. तुमचा सर्व्हर बहुधा यूटीसीवर चालत असावा. तेथे दोन्ही मध्यरात्री एकच असल्याने चाचण्यांना दोष दिसत नाही.

उलट दिशेलाही एक खाच आहे. ‘२०२५-०५-०१’ असा नुसता तारखेचा मजकूर दिला तर तो यूटीसीतला मानला जातो. त्याला वेळ जोडली आणि कालविभाग (टाइम झोन) लिहिला नाही, तर तोच स्थानिक मानला जातो. भारतात पहिल्या प्रकारात पहाटेचे साडेपाच येतात आणि दिवस तोच राहतो, त्यामुळे आपल्याकडे हे लवकर लक्षात येत नाही. न्यूयॉर्कमधून गावची खोली पाहणाऱ्याला मात्र ३० एप्रिल दिसेल.

साडेपाच तास मिळवू नका. सिंगापूर यूटीसीच्या आठ तास पुढे आहे, तेव्हा तेथून आरक्षण करणाऱ्याची तारीख तरीही एक दिवस मागेच राहील.

उत्तर २ (कुडाळ)

वरील कारणमीमांसा अचूक आहे, पण माझ्या मते मूळ प्रश्न रचनेचा आहे. घरमालकाची वही उघडून पाहा: प्रत्येक खोलीची एक ओळ आणि प्रत्येक रात्रीचा एक चौकोन. तेथे घड्याळ कोठेच नसते. १ ते ४ मे म्हणजे तीन रात्री, आणि ४ तारखेला खोली दुसऱ्याला देता येते. रात्री मुंबईहून कोकणकन्येने निघून सकाळी कुडाळला उतरणारा पाहुणा कधीकधी निघण्याचीच तारीख आगमनाची म्हणून भरतो. हे मालकाशी बोलल्याशिवाय कळत नाही आणि कोणत्याही कालविभागाने सुटत नाही. म्हणून मुक्कामाची तारीख ‘डेट’मध्ये घालूच नका. तारखेच्या रकान्यातून मिळणारा मजकूर जसाच्या तसा घ्या आणि डेटाबेसमध्येही वेळ नसलेला तारखेचाच प्रकार वापरा. पैसे कधी भरले, हा मात्र खरोखर क्षण आहे. तो यूटीसीत राहू द्या.

स्प्रिंट थांबवण्याची गरज नाही. आधी अपयशी ठरणारी चाचणी लिहा, आणि ती कोलकाता, सिंगापूर व न्यूयॉर्क या तिन्ही कालविभागांत चालवा. मग तारखेशी संबंधित सगळे व्यवहार एका लहान मॉड्यूलमागे (कोडच्या स्वतंत्र भागामागे) न्या आणि जुने वापर एकेक करून तिकडे वळवा. अजाइल, म्हणजे स्प्रिंटसारख्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत, म्हणजे रचनेचा विचार न करणे, असा समज आपल्याकडे फार आहे. २००१ साली यूटा राज्यातील स्नोबर्ड येथे जमलेल्या सतरा जणांच्या अजाइल जाहीरनाम्याशी जोडलेल्या बारा तत्त्वांत चांगल्या रचनेकडे सतत लक्ष देण्याचे तत्त्व स्पष्ट आहे, आणि अनावश्यक काम टाळण्याचेही. सगळे नव्याने लिहिणे या दुसऱ्या तत्त्वात बसत नाही.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. आधीच चुकीच्या साठलेल्या नोंदी सरसकट एक दिवस पुढे ढकलाव्यात का?

उत्तर २ (कुडाळ)

नाही. मालकांनी फोनवर घेतलेली आरक्षणे तुमच्या दुसऱ्या पडद्यावरून भरली जात असतील आणि तो पडदा मजकूर थेट साठवत असेल, तर त्या नोंदी बरोबरच आहेत. सरसकट बदलाने त्या बिघडतील. नोंद कोणत्या मार्गाने आली ते आधी वेगळे करा. पुढच्या तारखांच्या संशयित नोंदी मालकाच्या वहीशी ताडून पाहा आणि जेथे मेळ बसत नाही तेथे पाहुण्याला फोन करा. होऊन गेलेल्या मुक्कामांना हात लावू नका.