केव्हीएम स्विचमधून मॉनिटर जोडल्यास १०२४×७६८ च्या वर रिझोल्युशन मिळत नाही : कायमचा उपाय कोणत्या पातळीवर करावा?

नमस्कार. माझ्या मॉनिटरचे मूळ रिझोल्युशन १९२०×१२०० असून तो एका केव्हीएम स्विचद्वारे (एकच कीबोर्ड, माउस व मॉनिटर अनेक संगणकांना वापरू देणारे उपकरण) दोन संगणकांना जोडलेला आहे. त्यांपैकी डेबियन ही लिनक्स कार्यप्रणाली असलेल्या संगणकावर, डीव्हीआय केबल स्विचमधून आली की डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये १०२४×७६८ हाच सर्वांत मोठा पर्याय दिसतो. तीच केबल थेट मॉनिटरला लावून संगणक सुरू केला, तर १९२०×१२०० आपोआप निवडले जाते. डेस्कटॉप एक्स११ या चित्रप्रणालीवर चालतो आणि ग्राफिक्स कार्डासाठी कर्नलमधलाच (कार्यप्रणालीच्या गाभ्यातलाच) मुक्तस्रोत ड्रायव्हर वापरात आहे.

अशा तक्रारीवर ‘ड्रायव्हर काढून पुन्हा बसवा’ असे उत्तर बहुतेक वेळा मिळते, म्हणून तो मुद्दा आधी तपासला. ड्रायव्हर लोड झाला नसेल तरीही रिझोल्युशन असेच अडकते. पण त्या स्थितीत चित्रण ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरवर होते आणि जीएलएक्सइन्फो या आज्ञेच्या उत्तरात रेंडरर (चित्र काढणारा घटक) म्हणून एलएलव्हीएमपाइप या प्रोसेसरवर चालणाऱ्या घटकाचे नाव येते. माझ्याकडे तेथे कार्डाचेच नाव येते, कर्नलच्या बूट ओळीत ग्राफिक्स ड्रायव्हरला रोखणारा नोमोडसेट हा पर्याय नाही, आणि एलएसपीसीआय ही हार्डवेअरची यादी देणारी आज्ञा लावल्यावर त्या कार्डासमोर योग्य कर्नल ड्रायव्हर वापरात असल्याचे दिसते. दोन्ही आजारांचे लक्षण एकच असले तरी येथे ड्रायव्हर निरोगी आहे, असे माझे मत झाले आहे.

खरे कारण कर्नलच्या लॉगमध्ये सापडले. मॉनिटर आढळला, परंतु त्याचे ईडीआयडी मिळाले नाही किंवा ते अवैध आहे, अशा आशयाची ओळ तेथे डीव्हीआय-डी-१ या जोडणीच्या नावाने येते. मॉनिटर आपले मूळ रिझोल्युशन, वारंवारितेच्या मर्यादा आणि पडद्याची प्रत्यक्ष लांबी-रुंदी ज्या १२८ बाइटांच्या नोंदीतून कळवतो ती नोंद म्हणजे ईडीआयडी, आणि ती केबलमधल्या डीडीसी या स्वतंत्र वाहिनीवरून वाचली जाते. माझा स्विच चित्राचा संकेत नीट पुढे पाठवतो, पण ही वाहिनी पुढे नेत नसावा. जोडणी आहे पण नोंद नाही, अशा वेळी कर्नल १०२४×७६८ पर्यंतचे सर्वसाधारण मोड (रिझोल्युशन व वेळमापनाचे संच) तेवढे देतो, आणि माझ्याकडे नेमके तेच घडत आहे. सिसएफएसमधल्या (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागेतल्या) त्या जोडणीच्या ईडीआयडी फाइलचा आकार एलएस ही आज्ञा नेहमीच शून्य दाखवते, त्यामुळे त्यावर विसंबू नये. फाइल प्रत्यक्ष वाचली असता थेट केबलवर मजकूर मिळतो आणि स्विचमधून काहीच मिळत नाही.

तात्पुरता उपाय जमला आहे. सीव्हीटी या आज्ञेने १९२०×१२०० साठी साधा मोड काढला तर पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवण्याचा वेग) १९३.२५ मेगाहर्ट्झ येतो, आणि एकेरी दुव्याच्या डीव्हीआयची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ असल्यामुळे तो चालणे शक्यच नव्हते. त्याच आज्ञेला वजा-आर हा पर्याय दिल्यावर दोन ओळींमधला व दोन चौकटींमधला रिकामा वेळ कमी होतो (तो वेळ मुळात जुन्या काचनळीच्या पडद्यांसाठी राखलेला असे) आणि क्लॉक १५४ मेगाहर्ट्झवर येतो. हा मोड एक्सरँडआर या आज्ञेने नोंदवून जोडणीला लावला की पडदा अगदी स्वच्छ दिसतो. मात्र हे सारे त्या सत्रापुरतेच टिकते. लॉगिनच्या पडद्यावर आणि मजकुराच्या कन्सोलवर पुन्हा १०२४×७६८ च येते. शिवाय पडद्याची लांबी-रुंदी शून्य मिलिमीटर नोंदली जाते, ही उणीव मोड हाताने देऊन भरून निघत नाही.

कायमच्या उपायासाठी तीन मार्ग मला दिसतात. एक्सऑर्गच्या (एक्स११ चालवणाऱ्या सर्व्हरच्या) सेटिंगमधील मॉनिटर विभागात मोडलाइन (मोडचे आकडे देणारी ओळ) लिहिली तर लॉगिनचा पडदा सुधारेल, पण कन्सोल तसाच राहील आणि पुढे वेलँड या एक्स११ च्या पर्यायी प्रणालीवर गेल्यास त्या ओळीचा काहीच उपयोग होणार नाही. कर्नलच्या बूट ओळीत व्हिडिओ हा पर्याय देऊन जोडणीच्या नावापुढे १९२०×१२०० व कमी रिकाम्या वेळेसाठी आर हे अक्षर देता येते. तिसरा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो : थेट केबल असताना वाचलेले ईडीआयडी फर्मवेअरच्या फोल्डरमध्ये फाइल म्हणून ठेवायचे आणि डीआरएमच्या (कर्नलमधील ग्राफिक्स विभागाच्या) ईडीआयडी-फर्मवेअर या पर्यायाने कर्नलला तेच वापरायला सांगायचे. मॉनिटरची खरी माहिती सर्वांत खालच्या पातळीवर मिळाली तर वरच्या कोणत्याही थरात वेगळी डागडुजी करावी लागू नये.

जाणकारांकडून पुढील बाबींवर मार्गदर्शन हवे आहे. माझा ड्रायव्हर इनिट-रॅम-एफएसमधूनच (बूट होताना आधी मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइलप्रणालीच्या प्रतिमेतूनच) लोड होतो, म्हणजे मुख्य फाइलप्रणाली जोडली जाण्याआधीच ईडीआयडीची फाइल उपलब्ध असावी लागेल. डेबियनमध्ये ती त्या प्रतिमेत समाविष्ट करण्यासाठी स्वतःची हुक स्क्रिप्ट (प्रतिमा बनताना चालणारी छोटी आज्ञावली) लिहावी लागते का, आणि कर्नल अद्ययावत झाल्यावर ती फाइल टिकते का? स्विचने दुसऱ्या संगणकाकडे जाऊन परत आल्यावर कर्नल हीच फाइल वापरत राहतो, की केबल पुन्हा ओळखली जाताना १०२४×७६८ वर परततो? आणि त्याच पोर्टवर कधी वेगळा मॉनिटर लावला, तर त्याला न पेलणारा मोड पाठवला जाऊ नये यासाठी बूट मेनूमध्ये हा पर्याय नसलेली दुसरी नोंद ठेवणे पुरेसे आहे का?

ज्यांनी अशा स्विचसह फाइलचा मार्ग प्रत्यक्ष वापरला आहे त्यांचा अनुभव मला विशेष मोलाचा वाटेल. कर्नलचा व एक्सऑर्गचा पूर्ण लॉग, तसेच थेट केबलवर वाचलेले ईडीआयडी मी जपून ठेवले आहे. त्यातला हवा तो भाग येथे देतो.